उतावळेपणा नेमका कशाला म्हणायचा?

यावलकर: घाई, अधीरता, उतावळेपणा हे शब्द आपण सरसकट वापरतो. फरक आहे का? केळी पिकवण्यातलं उदाहरण चालेल.

तापीकाठ: आहे. घाई म्हणजे नुसता वेग. अधीर म्हणजे ज्याला धीर नाही, वाट पाहणं सोसत नाही तो. ही मनाची अवस्था. त्या भरात मधली पायरी गाळली की झाला उतावळेपणा. बाशिंग गुडघ्याला जातं ते इथंच!

केळीचेंबर: केळीत हे उघड दिसतं. चेंबर, म्हणजे केळी पिकवायची बंद खोली, १६ ते १८ अंशांवर, आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास, इथिलीन हा फळ पिकवणारा वायू १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग), साधारण २४ तास. मग दार उघडून हवा खेळवायची, कारण कार्बन डायऑक्साइड साचला की इथिलीनचा परिणाम मंदावतो. पुढे पिकायला ४-५ दिवस. लवकर व्हावं म्हणून तापमान खूप चढवलं तर गर मऊ पडतो, साल हिरवीच राहते. उलट १३ च्या खाली गेलं तर साल राखाडी पडते. फळं झटपट पिकवायला वापरतात त्या कार्बाइड रसायनावर तर बंदीच आहे. घड कोवळा कापला असेल, फळाच्या धारा गोल झाल्या नसतील, तर पिवळेपणा येईल, गोडी नाही.

भरीतप्रेमी: वांग्याचंही तेच. जाळ मोठा केला की साल करपते, देठाशी गर कच्चा. सुरी तिथंच खुपसून बघा.

यावलकर: मग इथिलीन म्हणजे उतावळेपणाच ना?

तापीकाठ: नाही, ती घाई. फळ स्वतःही तोच वायू सोडतं, आपण फक्त आधी देतो.