पुढच्या भागाचे पैसे आपण देणं लागतो का?

परवा मामेभावाशी वाजलं. आवडत्या व्हिडिओ गेम मालिकेचा नवा भाग सेल लागल्याशिवाय घेणार नाही म्हटलं, तर म्हणतो, "दादा, तुझ्यासारख्यांमुळेच मालिका बंद पडतात." बोचलं, कारण माझा हिशोब स्वच्छ नाही. 'प्रोजेक्ट आयजीआय' मी लॅमिंग्टन रोडवरच्या ५० रुपयांच्या चोरट्या सीडीवर खेळलो. वर मार्करने लिहिलेलं नाव, तेही चुकीचं. मिशनच्या मध्ये सेव्ह नाही. शेवटाला येऊन मेलात की परत कुंपणापासून सुरुवात. ती बनवणारी नॉर्वेची इनरलूप कंपनी दुसऱ्या भागानंतर, २००३ मध्येच बंद झाली. आता फेडायचं कुणाकडे?

तुम्ही कधी 'आपल्या गेमसाठी' म्हणून पैसे मोजलेत? लिहा.

न्यू जर्सीहून: मोजलेत. 'शेनमू २' २००१ चा, गोष्ट गुहेत लोंबकळत सोडलेली. २०१५ मध्ये त्याचे कर्ते यु सुझुकी यांनी तिसऱ्यासाठी किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून आगाऊ पैसे उभे करायच्या साइटवर, हाक दिली आणि ६९ हजारांवर लोकांनी ६३ लाख डॉलर ओतले. त्यात मीही. गेम आला नोव्हेंबर २०१९ मध्ये. मधे पीसीवाल्यांचा भडका उडाला: कबूल केलं होतं स्टीम, जाहीर झालं एपिक (दोन्ही पीसी गेमची ऑनलाइन दुकानं). शेवटी परतावा देऊ केला. माझी प्लेस्टेशन ४ ची डिस्क असल्याने मी वाचलो. आणि गोष्ट? अजून संपलेली नाही! पण बायलू गावात नुसती लाकडं फोडत रात्रीचे २ वाजले, बायको दारात उभी राहून बघत होती, आणि मी खूश होतो. मी कर्ज फेडलं नाही, स्वतःची हौस केली.

सांगलीहून: नाही. गेम म्हणजे काय गणपतीची वर्गणी आहे? एकदा प्री-ऑर्डर केली (नाव घेत नाही), तर पहिल्याच आठवड्यात सेव्ह फाइल उडाली. तेव्हापासून सहा महिने थांबते.

पुण्याहून, गेम टेस्टिंगमध्ये काम करतो: सुरुवातीच्या विक्रीकडे वरचे लोक डोळे लावून बसतात, हे खरं. पण तुम्ही घेतलात म्हणून टीम वाचेलच असं नाही. 'हाय-फाय रश' २०२३ मध्ये आला, कौतुक झालं, बक्षिसं मिळाली. मे २०२४ मध्ये तो बनवणाऱ्या टँगो स्टुडिओला टाळं लावायचं जाहीर झालं. पुढे बीजीएमआय या मोबाइल गेमवाल्या क्राफ्टन कंपनीने तो स्टुडिओ घेतला. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राउन'चंही तेच, लोकांनी नावाजला आणि त्याच वर्षी टीम पांगवली. तेव्हा चाहत्यांच्या गळ्यात पाप घालू नका. आवडला तर पूर्ण किमतीला घ्या, एवढंच.

नाशिकहून: 'एज ऑफ एम्पायर्स २' कॉलेजात फुकटच खेळलो, पेन ड्राइव्हवरून. २०१९ ची डेफिनिटिव्ह एडिशन, म्हणजे नव्याने सजवलेली आवृत्ती, मात्र रीतसर घेतली, २०२२ मध्ये 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' हा जोडभाग आला तेव्हा तोही. खेळायला गुर्जर, बंगाली, द्रविड, घेणार नाही तर काय! चौथा भाग घेतला नाही. मन बसलं नाही त्याच्यावर. ते जुनं फिटलं असं मी धरून चाललोय.

पुन्हा न्यू जर्सीहून: दादा, ती ५० ची सीडी आहे का अजून?

आहे. आईने गॅलरीत दोरीला टांगलीय, कबुतरं येऊ नयेत म्हणून.