चढणीचे मासे आणि वाघरीतले ससे

मृगाचा पाऊस पडला की गावाकडच्या मंडळींना मासे-सशांच्या गोष्टी सुचतात. तुमच्याकडे कसे धरायचे ते लिहा. ससा १९७२ च्या वन्यजीव कायद्यात येतो, तेव्हा त्याच्या जुन्याच आठवणी. करंट सोडल्याचे आणि ब्लीचिंग टाकल्याचे पराक्रम नकोत.

कणकवली:
पहिल्या मोठ्या पावसाला गाबोळीने (अंड्यांनी) भरलेले मासे नदीतून व्हाळात (ओढ्यात), व्हाळातून भाताच्या कुणग्यात (खाचरात) चढतात. आजोबा बांधाच्या तोंडाशी बांबूच्या कामट्यांचा निमुळता सापळा बसवायचे. कामट्यांची टोकं आत वळवलेली. मासा सहज शिरतो, परतताना टोकं आडवी येतात. कडेनं पाणी निसटू नये म्हणून चिखल नि पेंढा. बाकीचा गाव चूड (गवता-काटक्यांची मशाल) पेटवून कोयत्याच्या पाठीनं मासे मारत फिरायचा. तो गोंगाट आजोबांना अजिबात खपत नसे.

माण:
आमच्याकडे मासे कुठले! ससे. वाघर म्हणजे सुतळीचं लांबलचक जाळं. काठ्यांवर सैलच उभं करायचं, ताणलं तर ससा आपटून मागे फिरतो. तेही टेकाडाच्या वरच्या अंगाला. मागचे पाय लांब, त्यामुळे ससा चढाला सुसाट पळतो. खालून आम्ही पोरं डबे बडवत यायचो. रस्सा मिळायचा, फोड क्वचित.

जुन्नर:
आम्ही बिळात धूर करायचो की.

माण:
अहो, आपला ससा बीळ करत नाही, गवतात दबून बसतो. घुशी काढल्या असणार तुम्ही!

जुन्नर:
मग चुलत्यांनी ससा म्हणून काय वाढलं, ते आता विचारत नाही.

शहापूर:
ओढ्याची धार तुटली की डोहाला दगडमातीचा बांध घालून पत्र्याच्या डब्यांनी पाणी उपसायचं. मळे, शिंगटी हे मासे लगेच दिसतात; मरळ चिखलात दडते, ती पायालाच लागते. शिंगटीचा काटा घुसला तर रात्रभर ठणका. जितके हात उपसायला, तितके वाटे. बारकी पिल्लं खालच्या डोहात सोडायची. कणकवलीकर, गाबोळीचेच मासे धरलेत तर पुढच्या वर्षी चढणार कोण?

कणकवली:
बरोबर आहे. आजोबा अर्ध्या तोंडालाच सापळा लावत, उरलेली वाट मोकळी. आता साकवाखाली (ओढ्यावरच्या छोट्या पुलाखाली) काठापासून काठापर्यंत नायलॉनचं जाळं असतं, आणि वर बंधारा.