मदत हवी आहे : मेमरी अ‍ॅलोकेटरच्या कॉमेंट कशा लिहू?

नमस्कार मंडळी, मी यावलचा. लिनक्स कर्नलच्या ग्राफिक्स ड्रायव्हरांत व्हीरॅम (ग्राफिक्स कार्डाची मेमरी) वाटायला जो बडी अ‍ॅलोकेटर (मेमरीचे अर्धे-अर्धे करत तुकडे देणारा कोड) आहे, त्याच्या कॉमेंट (कोडमधल्या समजावणाऱ्या टिपा) सुधारून पहिला पॅच (कोडमधला बदल) पाठवायचा आहे.

मी अडलो होतो तुकडे जोडण्यापाशी. शेजारचे कुठलेही दोन मोकळे तुकडे एक होतात, असं धरून चाललो होतो. तसं नाही. एकाच तुकड्याचे जे दोन अर्धे झाले, तेच परत एक होतात. मळ्याची वाटणी आठवली तेव्हा उलगडलं : सख्ख्या भावांचे हिस्से एकत्र येतील, पण बांधाला बांध लागलाय म्हणून चुलत्याचं वावर त्यात येत नाही. हे एका ओळीत, उपमा न देता, कसं मांडावं?

तुकडे 4, 8, 16, 32 असे दुपटीनेच असतात, म्हणून 20 केबी मागितले तर साधारण 16 आणि 4 असे दोन तुकडे मिळतात. सलगच हवेत म्हटलं तर 32 चा काढून उरलेला परत जातो. हे उदाहरण कॉमेंटमध्ये शोभेल का? मला तरी ते फार गरजेचं वाटतं.

आणि लॉकचं. अ‍ॅलोकेटरच्या आत लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) नाही, ड्रायव्हरनेच आपलं म्युटेक्स, म्हणजे तसलंच लॉक, धरायचं. कर्नल-डॉकमध्ये (कर्नलच्या कॉमेंट लिहायच्या ठरलेल्या पद्धतीत) त्यासाठी ‘कॉन्टेक्स्ट’ हा भाग आहे. तो प्रत्येक फंक्शनवर लिहू, की फाइलच्या सुरुवातीला एकदाच?

कुणी असे पॅच पाठवले असतील तर भाऊ-ताईंनो, नक्की सांगा. मसुदा तयार आहे, लगेच दाखवतो.