नांदूरमध्यमेश्वर : गुडघ्याने संप पुकारलेल्या बाबांना झेपेल का?

पावणेआठची_लोकल
डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बाबांना घेऊन नांदूरमध्यमेश्वरला, म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या पक्षी अभयारण्यात, जायचं घाटतंय. बाबा 68 वर्षांचे. एके काळी सह्याद्रीतले निम्मे किल्ले पालथे घातलेले, पण दोन वर्षांपासून उजवा गुडघा कुरकुरतोय. सपाटीला तीन-चार किलोमीटर रमतगमत चालतात, चढ आणि पायऱ्या नकोत. (हे त्यांच्यासमोर बोलायची सोय नाही. "मग मला बागेतल्या बाकावर नेऊन बसव," म्हणतात.) सोबत नऊ वर्षांचा लेक, त्याला फक्त फ्लेमिंगो बघायचेत. दुर्बीण एकच, 8×42.

मागच्या खेपेला आम्ही शहाण्यासारखे नाश्ता उरकून निघालो, अकराला पोचलो, चकाकत्या पाण्यावर काळे ठिपके बघितले आणि परत आलो. त्यामुळे यंदा विचारूनच जायचं ठरवलंय. किती वाजता पोचायचं? चालायला वाट कशी आहे? पक्षी बघायचा मनोरा चढल्याशिवाय काही दिसतं का?

कडवाकाठ
ताई, मी निफाड तालुक्यातलाच, द्राक्षवाला. चापडगावच्या बाजूने या. काठाने चालायला सपाट मातीची वाट आहे, बाबांना काही त्रास नाही. मनोऱ्याला पायऱ्या आहेत, तो सोडा.

उजाडायच्या आत काठावर पाहिजे तुम्ही. आणि स्वेटरवर भागणार नाही, कानटोपी आणा. निफाडचा पारा दर हिवाळ्यात पेपरात येतो तो उगाच नाही. पाच अंशांच्या खाली गेला की आम्ही पहाटे बागेत शेकोट्या पेटवत फिरतो, नाहीतर मणी तडकतात.

आता कुणी सांगत नाही ते सांगतो. लोक धरण म्हणतात, पण हा गोदावरी आणि कडवेच्या संगमावरचा जुना बंधारा. शंभर वर्षांत गाळ एवढा भरला की पाणी कमी नि बेटं, दलदल, पाणवनस्पती जास्त. सिंचनाचं नुकसान, पाखरांची चंगळ. वरून दारणा-गंगापूरचं पाणी येतं, इथून कालव्यांनी खाली जातं. सिंचनाचं आवर्तन सुटलं की पातळी हलते. पाणी उतरलं तर चिखल उघडा पडतो आणि शेकाट्ये, तुतवार असले चिखलात चरणारे पक्षी पार काठाशी येतात. भरलं तर सगळे लांब. म्हणून आदल्या दिवशी ओळखीच्या कुणाला फोन लावा आणि "पाणी किती आहे?" विचारा. "पक्षी किती आहेत?" विचारू नका, त्याला आमच्याकडे बाराही महिने "लय आहेत" हेच उत्तर.

झाडामागचा
वरच्या दादांशी शंभर टक्के सहमत. माझी एकच भर : फिरू नका, बसा. मी पहिली तीन वर्षं बघितलेल्या पक्ष्यांची यादी वाढवायला इथे या टोकाहून त्या टोकाला पळायचो. आता घडीचं स्टूल घेऊन जातो आणि ऊन पाठीशी येईल अशी एक जागा धरतो.

गेल्या जानेवारीत धुकं होतं. तासभर नुसते आवाज. मग पांढऱ्यातून आधी बाभळीचं टोक दिसलं, मग पाणी, आणि पाण्यावर चारेकशे वारकरी (ते काळे पाणपक्षी) पसरलेले. एवढ्यात दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पंख वर धरून, गवताला घासत आला. पसरलेले वारकरी दहा सेकंदांत एकमेकांना चिकटले, एक काळी सतरंजीच झाली. भोवत्या वर घिरट्या घालतोय, खाली सगळी सतरंजी पाणी उडवत एकाच दिशेने सरकतेय. शिकार काही झाली नाही. तो गेला आणि सतरंजी पुन्हा उसवली.

लेकाला फ्लेमिंगोचं वचन देऊ नका, ते आले तर आले. त्याला जांभळी पाणकोंबडी दाखवा. लाल पायाच्या लांब बोटांत देठ धरून, आपण ऊस सोलतो तशी सोलून खाते. पोरं खूष होतात. मग थापट्या बदकाची पसरट चोच. नशीब असेल तर चक्रवाकाची जोडी.

सोमवारी_सुट्टी
रामसर, रामसर (जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) करून आता रविवारी जत्रा असते तिथे. जमलं तर मधल्या वारी जा.

झाडामागचा
रामसर यादीत नाव जाहीर झालं 2020 च्या जानेवारीत, महाराष्ट्रातलं पहिलंच. पण अभयारण्य 1986 पासून आहे. जत्रा दहानंतरची. उजाडायच्या आत मला तरी थंडीने काकडणारे आमच्यासारखेच चार वेडे भेटलेत.

पावणेआठची_लोकल
सगळ्यांचे आभार! मंगळवार ठरवला. आदल्या रात्री नाशिकला मामाकडे मुक्काम, पहाटे साडेचारला निघणार. स्टूल घेतलं. लेकाला वारकऱ्यांची सतरंजी वाचून दाखवली, पटली, फक्त "ती गुलाबी का नसते?" हा प्रश्न शिल्लक आहे.

घोळ वेगळाच झालाय. बाबांनी माझ्या खांद्यावरून हा धागा वाचला. मनोरा चढणारच म्हणतात.

कडवाकाठ
चढू द्या. उतरताना मात्र कठड्याला धरून, तोंड पायऱ्यांकडे करून, उलटं उतरायला सांगा. किल्ल्यांवर फिरलेल्या माणसाला ते शिकवावं लागणार नाही.