अनामतीचे कॅन चेपू नका

कुणीतरी सुचवलंय की जागा वाचवायला पेयांचे रिकामे ॲल्युमिनियम कॅन सरसकट चेपून ठेवावेत. काही ठिकाणी पेय विकताना कॅनवर अनामत घेतात, रिकामा कॅन दिला की ती परत मिळते. ती परत हवी असेल तर हे अजिबात करू नका. रिकामे कॅन परत घेणारं मशीन कॅन गोल फिरवून बारकोड वाचतं, आकारही तपासतं. बारकोडवर घडी पडली की कॅन बाहेर ढकलला जातो. तळाशी घोटभर पेय उरलं तर वजनात अडकतो, म्हणून विसळून, उलटा निथळून न्या.

दारावरून सगळा सुका कचरा एकत्र उचलत असतील तर तिथेही चेपणं नुकसानीचंच. वर्गीकरण केंद्रात सपाट वस्तू कागदाच्या वाटेने जातात, चपटा कॅन पुठ्ठ्यात हरवतो. गोल कॅन पुढे फिरत्या चुंबकांच्या यंत्रापर्यंत पोचतो. ते ॲल्युमिनियमला पट्ट्यावरून उडवून वेगळं करतं. (पोलादी डबे साधं चुंबक उचलतं.) उघडायची कडीही तोडू नका, सुटी झाली की चाळणीतून काचेच्या चुऱ्यात पडते.

कॅन मशीनला द्या की सुक्या कचऱ्यात, तो वितळवून पुन्हा वापरला की नवं ॲल्युमिनियम बनवण्यापेक्षा सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. तरी जिथे अनामत आहे तिथे कॅन परतच करावा असं माझं ठाम मत आहे. तो माल स्वच्छ राहतो, त्याचा पुन्हा कॅनचाच पत्रा होतो.