झाड जगणे वेगळे, अंजीर पिकणे वेगळे

थंड प्रदेशात अंजीर लावण्याविषयीच्या या चर्चेत, हिवाळ्यापूर्वी झाड गोणपाटात गुंडाळले की प्रश्न मिटतो, असे मत वर मांडले गेले आहे. ते मला अर्धेच पटते, कारण त्याने झाड जगते, पण फळ वेळेत पिकेल याची हमी मिळत नाही. अंजिराचा पहिला बहार गेल्या वर्षीच्या काडीवर येतो आणि मुख्य बहार त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर. आमच्या न्यू जर्सीत कडाक्याच्या थंडीने काड्या जमिनीपर्यंत वाळल्या, की पहिला बहार हातचा जातो आणि सारी भिस्त नव्या फुटीवर राहते, आणि तिची फळे थंडी परतण्याआधी पिकायला हवीत. म्हणून थंडी सोसणाऱ्या जातीइतकीच लवकर पिकणारी जात महत्त्वाची, आणि या बाबतीत 'रोंद द बोर्दो' किंवा 'फ्लोरिया' मला सर्वत्र मिळणाऱ्या 'ब्राउन टर्की'पेक्षा उजव्या वाटतात.

चर्चेत न आलेली गोष्ट म्हणजे शेंडा खुडणे. जूनमध्ये नव्या फुटीला पाच-सहा पाने आली की शेंडा खुडावा, म्हणजे वाढ थांबून पानांच्या बेचक्यात फळे लवकर धरतात. नत्रयुक्त खत मात्र या काळात आवरते घ्यावे, नाहीतर नुसता पाला माजतो. गोडीसाठी ऊन लागतेच (पुरंदरातही उन्हाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या मिठ्या बहाराची चव थंडीत येणाऱ्या खट्ट्या बहाराला नसते), तेव्हा झाड दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीलगत लावावे. आणि तोडण्याची घाई करू नये: फळ देठाशी वाकून लोंबू लागले, दाबल्यावर मऊ लागले, तरच ते पिकले असे समजावे, कारण तोडलेल्या कच्च्या अंजिरात नंतर गोडी भरत नाही.