वर्णद्वेषाचा मुद्दा काढला की समोरचा लगेच अंगावर का येतो?

प्रश्न (चर्चाचालक): एखाद्या वाक्यातला वर्णद्वेष दाखवला की ते वाक्य राहतं बाजूला आणि ‘मी तसा नाहीच’ यावरच प्रतिसादांचा ढीग पडतो. चर्चा मुद्द्यावर कशी ठेवायची?

तिरकस: माणसावर शिक्का मारू नका. नेमकं वाक्य उद्धृत करा, त्याने कोणाला काय सोसावं लागतं ते दोन ओळींत लिहा. हेतूवर गेलात की संपलं. हेतू सिद्ध करता येत नाही, म्हणजे पळवाट तुम्हीच दिलीत.

सावली: शिवाय चारचौघांत चूक दाखवली की माणूस अब्रू राखायला भांडतो. पहिला निरोप खाजगीत पाठवा. उघड शिवीगाळ असेल तर मात्र सरळ काढून टाका, तिथे कसली समजूत घालताय!

अक्षर: २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला ट्विटरवरचा एक प्रयोग आहे, १३५० वापरकर्त्यांचा. सहानुभूती जागवणाऱ्या उत्तरांनी पुढचं द्वेषपूर्ण लेखन घटलं, पण थोडंच. विनोद किंवा परिणामांचा इशारा यांचा ठाम परिणाम दिसला नाही.

चर्चाचालक: आणि ‘माझे कितीतरी कृष्णवर्णीय मित्र आहेत’ आलं तर?

तिरकस: ‘असतील की. पण या वाक्याचं काय?’ दोनदा विचारा. तरी उत्तर नसेल तर थांबा.